खुंटीला घातलेलं पाणी

आमच्या घरी पोळी ताटात पडली, की मी तोंड उघडायच्या आत धाकटी सांगते, "बाबा, बागायती आहे. मुकाट्यानं खा." मोठा त्यात भर घालतो, "कोरडवाहू असती तर अर्धीच मिळाली असती." इतक्या वर्षांत या विनोदाला घरात कोणी हसत नाही, पण रोज होतो. आरतीसारखा.

चूक त्यांची नाही. मी तरुणपणाची चांगली वर्षं गहू मोजण्यात घालवली. पिकवण्यात नाही, विकण्यात नाही, मोजण्यात. लग्न जमवताना सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मध्यस्थ घाईत होते, म्हणाले, "गव्हात आहे." सासऱ्यांना वाटलं, धान्याचा व्यापार असेल, गोदामं असतील. लग्नानंतर माझी खोली पाहायला आले, तेव्हा त्यांना एक लुना, एक टेप, एक ताणकाटा आणि गोणपाटाचा एक तुकडा दिसला. त्यांनी गोणपाट उचलून खालीही पाहिलं. काही नव्हतं.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची. एका अभ्यासात मी सर्वेक्षक होतो. बागायती गहू आणि कोरडवाहू गहू, दोघांत कार्यक्षम कोण, हे मोजायचं. माझ्या वाट्याला गोंडपिपरी आणि राजुऱ्याकडची गावं आली. तिथं मुख्य मान धानाचा आणि कापसाचा. गव्हाची शेतं शोधावी लागत. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर एकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "इथी गहू मोजाले आले? मंग पुढच्या साली समुद्रावर आंबे मोजाले जासान."

कार्यक्षमता म्हणजे काय, हे मी तेव्हा गावोगाव समजावलं आणि कोणालाच पटलं नाही, तरी पुन्हा एकदा प्रयत्न करतो. समजा, दोन घरी वडे तळले. एकीचे टोपलंभर झाले, दुसरीचे ताटभर. लोक टोपलीवालीचं कौतुक करतील. आम्ही मात्र विचारणार, कढईत तेल किती ओतलं? ताटवालीनं पळीभर तेलात ताट भरलं असेल, तर आमच्या लेखी पहिला नंबर तिचा. गव्हाचंही तसंच. बी किती टाकलं, खत किती, बैल किती वेळ चालले, माणसं किती राबली, पाणी किती दिलं हे सगळं एका बाजूला, आणि पोत्यात काय पडलं ते दुसऱ्या बाजूला. बागायती गहू टोपलीवाला. कोरडवाहू गहू पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाढतो, तो ताटवाला.

ऐकायला सोपं आहे. आता शेतकऱ्याला विचारून बघा, "निंदणाला किती तास लागले?"

"सकाळी गेलो, शिदोरी खाल्ली, मंग आलो."

"शिदोरी किती वाजता खाल्ली?"

"भूक लागली तवा."

आणि घरच्या बाईचे तास विचारायची तर सोयच नव्हती. चिंचबोडी नावाच्या गावात नामदेवभाऊ म्हणून शेतकरी होते. उंचपुरे, आवाज खणखणीत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, त्यांचा बागायती गहू. मी विचारलं, "भाऊ, घरच्या बाईंचे तास?"

"ती काय करते? घरीच तं असते."

आतून यमुनाबाईंचा आवाज आला, "लिवा साहेब, लिवा. काईच नाई करत मी. बियाणं बी त्यायनंच पाखडलं, पाणी द्याले रातच्याले बी तेच गेले, अन् आता चहा बी तेच करतीन." त्या दिवशी चहा खरोखरच आला नाही. मी यमुनाबाईंचे तास लिहून घेतले. नामदेवभाऊंनी ते वाचून दाखवायला सांगितले, ऐकले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

पाणी मोजायला माझ्याकडे पत्र्याचा एक तुकडा होता, मधोमध खाच पाडलेला. तो चारीत आडवा बसवायचा, खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते पट्टीवर पाहायचं, की किती पाणी शेतात गेलं ते कळतं. शास्त्र पक्कं आहे. फक्त त्या शास्त्रात खेकड्याचा विचार केलेला नाही. चिंचबोडीच्या चारीतला एक खेकडा नेमका खाचेतच येऊन बसायचा, आणि तुंबलेलं पाणी वर चढून नामदेवभाऊंच्या शेतात दुप्पट पाणी गेल्याची नोंद व्हायची.

ताणकाट्याची तर वेगळीच कथा. लुनावरून पडून तो वाकडा झाला. राजुऱ्याला करीमचाचांकडे नेला. तराजू आणि काटे दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. त्यांनी काटा कानाजवळ हलवला आणि म्हणाले, "साब, ये काटा नहीं, मरीज है. आप इसको तौलने के लिए रखे हो या मारने के लिए?" दुरुस्त झाल्यावर मी शेजारच्या दुकानातून किलोभर साखरेची पुडी आणून टांगायला निघालो. चाचांनी हात धरला. "शक्कर मत टांगो. उसमें दुकानदार की नीयत भी तुलती है." मग पेटीतून छाप मारलेलं आपलं वजन काढलं आणि काटा लावून दिला. "अब ये झूठ नहीं बोलेगा. आप अपना देख लो." त्या परिसरात 'करीमचाचानं बसवलेला काटा' म्हटलं की वाद संपत असे. पुढे हे माझ्या कामी आलं, आणि अंगाशीही.

तर चिंचबोडी. गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारांच्या काळात बांधलेला जुना मालगुजारी तलाव. पाळीखाली नामदेवभाऊंसारख्यांचा बागायती गहू. त्याला पाणी तलावातून, तुडूम उघडून. तुडूम म्हणजे तलावाचं तोंड, पाणी सोडायची जागा. आणि तलावात ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, मासोळ्या. पाण्यात एक दगडी पायरी होती. पाणी त्या पायरीशी आलं, की पुढचं पाणी मासोळ्यांचं, अशी गावाची जुनी समजूत. भरल्या सालात कोणाला पायरीची आठवण होत नसे. त्या वर्षी पाऊस कमी झाला, तलाव अर्ध्यावर राहिला, आणि कार्तिकातच सगळ्यांना पायरी दिसायला लागली.

हिशेब सरळ होता. गव्हाला तीन पाणी दिली, की तलाव पायरीशी येणार. चौथं दिलं, तर चैत्र लागायच्या आत तळ दिसणार, आणि पावसाळ्यात सोडलेली मासोळ्यांची पिल्लं बोटभर असतानाच चिखलात मरणार. ढिवरांची दहा-बारा घरं उन्हाळाभर त्या मासोळ्यांवर जगत.

गावाची बैठक बसली. मी चहाच्या आशेनं कोपऱ्यात होतो.

नामदेवभाऊ म्हणाले, "चौथं पाणी नाई तं गहू पोचट होते. मासोळ्याच्या पायी आमी भुसा खावाव काय?"

ढिवरांच्या बाजूनं कवडूभाऊ उठले. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. तलावाच्या वरच्या बाजूला, जिथं तुडुमाचं पाणी चढत नाही, तिथं त्यांचा एकरभर तुकडा होता. त्यात कोरडवाहू गहू. ते म्हणाले, "भाऊ, माह्या गव्हाले एक बी पाणी नाई भेटत. तो काय भुसा देते? तुमच्याले तीन भेटून राह्यले, तरी रडून राह्यले."

"तुह्या गव्हाची गोष्टच नको सांगू. तुहा गहू म्हणजे गवताचा मोठा भाऊ."

भांडण चांगलं रंगलं. मग कोणाला तरी माझी आठवण झाली. "हे टेपवाले भाऊ हायेत ना. मोजतीन अन् सांगतीन."

कोरडवाहू गहू लवकर पेरतात, तो माघात कापणीला येतो. बागायतीच्या चौथ्या पाण्याची वेळही नेमकी तेव्हाच. त्यामुळे गावानं ठरवलं, की कवडूभाऊंच्या शेतात मी माझा नेहमीचा चौकोन, म्हणजे नमुन्याचा ठरावीक मापाचा तुकडा, आखायचा आणि माघात तो कापून तोलायचा. आदल्या वर्षी त्याच शेतातल्या चौकोनात चार किलोच्या जरा वर गहू भरला होता. या कोरड्या सालातही चार किलो भरला, तर बिनपाण्याचा गहू तग धरतो हे सिद्ध झालं, मग तुडूम बंद राहील. नाही भरला, तर उघडेल.

या ठिकाणी मी उठून सांगायला हवं होतं, की मंडळी, कोरडवाहू गव्हाचं वाण वेगळं, पेरणी वेगळी, त्याच्यावरून बागायती गव्हाच्या चौथ्या पाण्याचा निकाल लागत नाही. शिकलो होतो तेवढं. पण अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि कुठलंही गाव माझ्याकडे अशा अपेक्षेनं बघण्याची ती पहिलीच वेळ होती. मी म्हणालो, "हो, मोजू की."

दुसऱ्या दिवशी चौकोन आखायला गेलो. एरवी कापणीच्या दिवशीच चौकोन आखतात, पण आमच्या अभ्यासात फुटवे मोजायचे असल्यानं पीक लहान असतानाच चार कोपऱ्यांत चार लोखंडी खुंट्या ठोकून ठेवायच्या. मी हातोडी उचलली, तेवढ्यात कवडूभाऊंच्या कारभारीण चंद्रकलाबाई पुढे आल्या.

"भाऊ, उभ्या पिकात लोखंड ठोकून राह्यले. बिनापूजेचं ठोकान?"

मला लोकांत मिसळायची भारी हौस. साहेबी करत नाही, हे दाखवायची त्याहून जास्त. मी त्यांच्याकडून हळदकुंकू मागून घेतलं, चारही खुंट्यांना लावलं, वर लुनाच्या डिकीतला, दुसऱ्याच कोणाच्या पूजेसाठी घेतलेला नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा प्रत्येक खुंटीपुढे ठेवला. चंद्रकलाबाईंनी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. मला वाटलं, वा, काय जनसंपर्क!

त्यानंतर मला हिवतापानं धरलं. त्या भागात काम करणाऱ्याला तो पाहुण्यासारखा येतोच, पण माझ्याकडे मुक्कामाला आला. मी वरोऱ्याला घरी जाऊन पडलो. मोठ्या साहेबांचा निरोप आला, "प्रकृतीस जपा, फुटवे मोजायचे राहिले." बरा होऊन चिंचबोडीला पोचेपर्यंत पौष सरत आला होता.

तलावाच्या पाळीवर लुना उभी केली आणि कवडूभाऊंच्या शेताकडे पाहिलं. सगळं शेत पिवळं पडत चाललेलं, गुडघ्याएवढा गहू, कोरड्या सालात असतो तसा. आणि त्या पिवळ्या शेतात चार हिरवेगार गोल. पोपटासारखे हिरवे, कमरेएवढे उंच. खाटेचे चार पाय तेवढे कोणी रंगवावेत आणि खाट तशीच सोडावी, तसं ते दिसत होतं.

प्रत्येक गोलाच्या मधोमध माझी खुंटी होती. कुंकवानं माखलेली. एका खुंटीला झेंडूची माळही होती.

चंद्रकलाबाई डोक्यावर घागर घेऊन तलावाकडूनच येत होत्या. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. "आले का भाऊ! किती वाळले! तुमच्या देवायले मी एक दिवस बी उपाशी नाई ठेवलं, पाहा."

"बाई, तुम्ही गव्हाला पाणी घालताय?"

त्या दुखावल्या. "गव्हाले काऊन घालू? गव्हाले घातलं तं बेइमानी नाई होईन? मी देवाले घालून राह्यली. पयले लोटाभर घालत होती. पण भुई फाटली ना, लोटा कुठी जाते ते समजत नव्हतं. मंग घागर घालाले लागली. चार देव, चार घागरी."

तुम्हीच सांगा, दोष कोणाला देणार? आंघोळ झाल्यावर देवाला पाणी घालणारी बाई. देव मी बसवलेले. नारळ माझा.

गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. नामदेवभाऊ तरातरा शेतावर आले, मागोमाग निम्मं गाव. "कवडू! चोरून पाणी पाजते बे? वरून देवाचं नाव घेते?"

कवडूभाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवस उगवायच्या आत ते जाळं घेऊन तलावात उतरत, शेताकडे फिरकायचं कारणच नव्हतं. त्यांनी एकदा ते चार हिरवे गोल पाहिले, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "काय केलं वं हे? आता आपल्याले कोण खरं मानीन?"

चंद्रकलाबाई ताठ उभ्या. "मी काई चोरी नाई केली. ज्यानं देव बसवला त्याले विचारा."

सगळं गाव पुन्हा माझ्याकडे बघू लागलं. या वेळचं बघणं मात्र वेगळं होतं. मी सांगितलं, "नामदेवभाऊ, नारळ मी फोडला. बाईंची चूक नाही. हा चौकोन मी रद्द करतो. याच शेतात दुसरा आखू, कापणीच्या दिवशी, सगळ्यांसमोर. जागा चिठ्ठीनं निघेल. चिठ्ठी तुम्ही काढा."

नामदेवभाऊ गुरगुरले, पण हो म्हणाले. जाता जाता म्हणाले, "अन् या डावाले देवबिव नाई पाह्यजे."

माघात कापणीचा दिवस उजाडला. बांधावर गाव बसलं होतं. एका अंगाला ढिवरांची घरं, दुसऱ्या अंगाला पाळीखालचे शेतकरी, आणि थोडी दूर हातात टोपली घेऊन शेवंताबुढी. ही गावातली एकटी म्हातारी. कापणीनंतर शेतात ज्या ओंब्या गळून पडतात, त्या वेचून ती वर्षाचा गहू जमवायची. त्याला सरवा म्हणतात. चिंचबोडीत पडलेली ओंबी शेताचा मालक उचलत नसे. ती सरवा वेचणारीची. न उचलण्याची लोकांना इतकी सवय, की पायाखाली ओंबी आली तर पाय बाजूला घेत.

नामदेवभाऊंनी कवडूभाऊंच्याच टोपीतून चिठ्ठी काढली. चिठ्ठीत होती तितकी पावलं टाकत मी त्या जागी पोचलो. हिरव्या गोलांपासून चांगली लांब, शेताचा अगदी मधला भाग. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. चंद्रकलाबाई कुंकवाची डबी घेऊन उभ्याच होत्या. मी हात जोडले. "बाई, पाया पडतो. यांना देव करू नका." पहिल्यांदाच गाव हसलं. नामदेवभाऊसुद्धा.

कवडूभाऊंनी आणि त्यांच्या भावानं चौकोन कापला. पेंढ्या गोणपाटावर घेतल्या, काठीनं झोडल्या. चंद्रकलाबाईंनी सुपानं वाऱ्यावर धरून भुसा उडवला. दाणे छोटे, पण काचेसारखे कडक. ते फडक्यात बांधले आणि काट्याला टांगले. काटा मी धरला नाही. दोन बाजूंच्या दोन माणसांनी काठीवर धरला, आणि सगळी डोकी सुईजवळ जमली.

सुई चढली, थरथरली आणि चारच्या अलीकडे थांबली.

मूठभराचा फरक. ढिवरांपैकी एकानं हळूच म्हटलं, "काटा बराबर हाय ना?" त्याला दुसऱ्यानंच उत्तर दिलं, "करीमचाचानं बसवला हाय." विषय संपला. मीच दुरुस्त करून आणलेला काटा इतका खरा निघाल्याचं मला कधी वाईट वाटलं असेल, तर ते त्या दिवशी.

कवडूभाऊंनी फडकं सोडलं. म्हणाले, "ठीक हाय. बोली म्हणजे बोली. उघडा तुडूम." आणि तलावाकडे पाहिलं. चंद्रकलाबाई खाली बघत सुपातला राहिलेला भुसा उगाच झटकत होत्या.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या कामाचा नियम असा, की चौकोनात गळून पडलेली ओंबीही वेचून मोजायची. ती त्याच जमिनीनं पिकवलेली असते. आणि दोरीच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत, ओंब्या पडलेल्या होत्या. कवडूभाऊंनी कापताना त्या पाहिल्या होत्या आणि पाय बाजूला घेतला होता. पडलेलं आपलं नसतं. नियम सांगायच्या ऐवजी मी टेप गुंडाळत बसलो. एकदा नारळ फोडून ज्यानं सगळा घोळ केला, तो आता ऐन वेळी कवडूभाऊंच्या फायद्याचा नियम काढतोय, असंच झालं असतं. करीमचाचांचा काटा खरा होता. माझ्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

नामदेवभाऊ दोरीजवळ उभे होते. त्यांच्या शेतात मी दोन वर्षं चौकोन कापला होता. तेव्हा मी स्वतः गुडघ्यावर बसून ओंबी न् ओंबी वेचली होती, आणि "साहेब काय कोंबडीसारखं टिपून राह्यले" म्हणून त्यांनी गावभर माझी नक्कल केली होती. ते आधी ओंब्यांकडे, मग माझ्याकडे, मग तलावाकडे पाहत राहिले. मग धोतर सावरलं आणि दोरी ओलांडून आत आले.

"साहेब, झोप लागली काय? माह्या वावरात तं एक दाणा सोडला नाई तुमी. इथी काऊन सोडून राह्यले?"

आणि तो सहा फूट माणूस खाली बसला आणि ओंब्या टिपायला लागला.

कवडूभाऊ पुढे झाले. "भाऊ, नोको. ते शेवंताबुढीचं हाय."

"तू गप बस. पयलेच बायकोच्या हातानं देवाले न्हाऊ घालून माह्या डोक्याचा भुगा केला तू." मग मान वळवून ओरडले, "शेवंतामाय! इथलं मी घेऊन राह्यलो. तू माह्या वावरात ये, चैतात. जितकं पडीन तितकं तुहं. कमी पडलं तं मी पाडीन."

शेवंताबुढी टोपली डोक्यावर ठेवून म्हणाली, "पाडजो मंग. मी पाहाले येईन."

ओंब्या हातावर चोळल्या, फुंकल्या, दाणे फडक्यात टाकले. काटा पुन्हा टांगला. या वेळी सुईकडे बघायचं माझ्यात धैर्य नव्हतं. मी नामदेवभाऊंकडे बघत होतो. त्यांचा चेहरा हळूहळू पडला आणि मग उजळला. दोन्ही एकाच चेहऱ्यावर कसं झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"भरले चार," ते म्हणाले. "आता खा मासोळ्या."

तुडूम बंद राहिला. नामदेवभाऊंच्या गव्हाला चौथं पाणी मिळालं नाही, त्याचे दाणे जरा बारीक झाले. नुकसान झालंच. मात्र त्यांनी बाजारात सांगितलं त्यापेक्षा बरंच कमी. आणि गंमत अशी, की आमच्या अभ्यासात पाण्याच्या हिशेबानं सगळ्यांत कार्यक्षम बागायती शेत त्या वर्षी त्यांचंच निघालं. पाणी कमी दिलं आणि पीक त्या मानानं थोडंच घटलं. मी धावत सांगायला गेलो.

"भाऊ, तुम्ही पहिले आलात!"

"पयला आलो?"

"हो. सगळ्या बागायतींमध्ये."

"मंग पोते कमी काऊन भरले?"

मी वड्यांचं आणि तेलाचं उदाहरण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आत बघून म्हणाले, "ऐकलं का वं? साहेब म्हणते, वडे कमी झाले तं नंबर येते." यमुनाबाईंनी त्या दिवशी चहा केला. जेवायलाही बसवलं. वाटीत रस्सा होता, त्यात मासोळी होती. कवडूभाऊ त्या उन्हाळ्यात दर बाजाराच्या दिवशी नामदेवभाऊंच्या फाटकाला दोरीत ओवलेल्या मासोळ्यांची गाथण अडकवून, हाक न मारता निघून जात. नामदेवभाऊ दर वेळी म्हणत, "काटेच जास्त हायेत याच्यात." आणि काटे वेगळे काढत बसत.

आमच्या मोठ्या साहेबांनी अहवाल वाचून एकच प्रश्न विचारला, "कवडू यांच्या शेतातला पहिला चौकोन रद्द का?" मी लिहिलं होतं, 'खुंट्यांना पाणी दिल्यामुळे'. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "खुंट्यांना?" मी म्हणालो, "हो सर." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. चांगला माणूस.

आणि त्या चार खुंट्या? त्या मला परत मिळाल्या नाहीत. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "देव उपटत नसतेत, भाऊ." कार्यालयाला मी 'जमिनीत रुतल्या' असं कळवलं. ते खोटं नव्हतं.

पुढं लग्न झालं, अभ्यास संपला, माझी बदली झाली. काही वर्षांनी अहेरीला एका लग्नाला बायकोसोबत निघालो होतो. वाटेत चिंचबोडीला उतरलो. तलाव भरलेला होता, पायरी दिसत नव्हती. कवडूभाऊंच्या शेतात त्या साली हरभरा होता. हरभऱ्यात एका कोपऱ्यात शेंदरानं लाल झालेली, ओळखू न येणारी माझी खुंटी. बाकीच्या तीन खुंट्या लेकींनी सासरी नेल्या होत्या, म्हणाल्या चंद्रकलाबाई. केस पिकले होते, बाकी त्याच.

बायकोनं मला हळूच विचारलं, "हा कोणता देव?"

मी वाकून पाहिलं. शेंदराखाली कार्यालयाचा शिक्का अजून हाताला लागत होता. "आमच्या खात्यातला आहे," मी म्हणालो.

चंद्रकलाबाईंनी माझ्या हातात भरलेली घागर दिली. "घाला, भाऊ. तुमचाच हाय. इतक्या साला मीच घालून राह्यली."

मी चपला काढल्या आणि घागर ओतली. किती पाणी घातलं, ते मोजलं नाही. खुंटीभोवतालचा हरभरा मात्र कमरेला लागत होता, आणि तो कोणी मला कोरडवाहूत लिहायला सांगितला असता, तर मी सही केली नसती.